तहरी आणि अळंबी

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या सडकेवर, अमौसीच्या विमानतळाच्या आसपास, सरोजिनी नगर म्हणून एक भाग आहे. स्वातंत्र्य मिळाले त्या दिवसापासून या प्रांताच्या राज्यपाल असलेल्या आणि २ मार्च १९४९ रोजी लखनौतच निधन पावलेल्या सरोजिनी नायडू यांचे नाव तो वागवतो. १९७२ साली स्थापन झालेला स्कूटर्स इंडियाचा कारखाना याच सडकेवर होता. २०२१ साली तो कायमचा बंद झाला. आजूबाजूला मात्र अजून खेडी आहेत, आणि त्या खेड्यांत खरिपात भात व रब्बीत गहू पिकतो. अशा या अर्ध्या शहरी, अर्ध्या खेडवळ वस्तीत हिवाळ्याच्या संध्याकाळी घरोघर जो पिवळा भात शिजतो, त्याला तहरी म्हणतात. हळद, जिरे, तमालपत्र, बटाटा, मटार, फुलकोबी आणि तांदूळ एवढेच तिचे साहित्य. मराठी घरातल्या मसालेभाताची ती जवळची नातेवाईक. फक्त गोडा मसाला तिला ठाऊक नाही, आणि नारळ तर नाहीच नाही.

या तहरीत गेल्या काही दशकांत अळंबी पडू लागली आहेत. बाजारातून दोनशे ग्रॅमचा पुडा आणावा, अळंबी चिरावी, तांदळाबरोबर शिजवावी, आणि अर्ध्या-पाऊण तासात घरची माणसे जेवायला बसावीत. इतकी साधी ही गोष्ट. परंतु ज्या प्रदेशात हा पदार्थ शिजतो, तेथील भाताचा आणि अळंब्याचा इतिहास पाहिला, तर ही दोन्ही एका पातेल्यात येण्यास फार मोठा काळ लागला असे दिसते.

लखनौचा भात म्हटले की प्रथम आठवतो तो नवाबांचा पुलाव. १७७५ साली आसफउद्दौल्याने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली आणि पुढच्या ऐंशी वर्षांत या शहरातील मुदपाकखान्यांनी असे नाव कमावले की दिल्लीवाल्यांनाही हेवा वाटावा. अब्दुल हलीम शरर या लेखकाने १९१३ पासून आपल्या ‘दिलगुदाज’ नावाच्या उर्दू मासिकात जुन्या लखनौविषयी जी लेखमाला लिहिली, तीत या पुलावांची वर्णने आहेत. एकात तांदळाचा अर्धा दाणा माणकासारखा लाल आणि अर्धा पांढराशुभ्र असे, तो डाळिंबाच्या दाण्यांचा भास व्हावा म्हणून. दुसऱ्यात नवरत्नांच्या नऊ रंगांचे दाणे मिसळलेले असत. एका आचाऱ्याने तर बदामाचे तांदूळ कोरले, पिस्त्यांची डाळ केली आणि त्यांची खिचडी शिजवली. गाजीउद्दीन हैदर याच्या पराठे करणाऱ्या आचाऱ्याची कथाही शररने सांगितली आहे. रोजच्या सहा पराठ्यांना तीस शेर तूप लागे, आणि वजिराने ते कमी करताच पराठे बिघडले!

या साऱ्या थाटामागे एक विचार होता. पदार्थ जे आहे ते दिसू नये आणि जे दिसते ते असू नये, यात मोठेपणा मानला जात होता. अकबराच्या काळी अबुल फजलने ‘आईने अकबरी’त खिचडीचे प्रमाण दिले आहे: तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी पाच शेर. तुपाचे हे प्रमाण वाचून आजचा वैद्य घाबरेल. पण त्या खिचडीतला तांदूळ निदान तांदूळच होता. लखनौच्या दरबाराने तोही बदामाचा केला.

दरबारी पुलावात अळंब्याच्या कुळातली एक वस्तू मात्र मानाने शिरली. ती म्हणजे गुच्छी. हिमालयाच्या उतारावर, बर्फ वितळल्यानंतर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळीदार टोपी घेऊन ती रानात उगवते. ती वाळवून दूरदूरच्या बाजारांत जाते, आणि तिची किंमत ऐकून सामान्य माणूस पुढच्या दुकानाकडे वळतो. गुच्छीचा पुलाव हे श्रीमंतीचे लक्षण ठरले. त्याच कुळातले जे अळंबे अवधच्या खेड्यात पावसाळ्यात उकिरड्याकडेला उगवे, त्याच्या वाट्याला आले ‘कुकुरमुत्ता’ हे नाव. कुत्रे जेथे मुतते तेथे ते उगवते, असा त्या नावाचा अर्थ. मराठीत आपण ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतो ते थोडे सभ्य आहे, इतकेच.

ही बदनामी जुनी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, गृंजन, कांदा आणि कवक म्हणजे अळंबी या चार वस्तू द्विजांना अभक्ष्य म्हणून एकत्र सांगितल्या आहेत, आणि पुढे जाणूनबुजून छत्राक खाणारा पतित होतो असेही म्हटले आहे. तथापि स्मृतिकारांनी वर्ज्य केलेली वस्तू वैद्यांनी मात्र बारकाईने तपासली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानविधीच्या अध्यायात, अळंब्यांची वर्गवारी ती कशावर उगवतात यावरून केली आहे: पेंढ्यावर उगवणारी, उसावर उगवणारी, शेणावर उगवणारी, बांबूवर उगवणारी आणि जमिनीतून येणारी. प्रत्येकीचे गुणदोष निरनिराळे. यांतील पहिला क्रमांक पेंढ्यावरच्या अळंब्यांचा असून ती गोड आणि दोषांचे शमन करणारी म्हटली आहेत. भाताच्या पेंढ्याशी अळंब्याचे असलेले नाते या देशात किती जुने आहे, याची ही नोंद आहे. पुढील हकीकतीत हा पेंढा पुन्हा भेटणार आहे.

कवींची दृष्टी आणखी वेगळी. ‘मेघदूता’त मेघाच्या गर्जनेने पृथ्वीवर शिलीन्ध्र उगवतात आणि ती सुपीक होते, असा उल्लेख येतो. शिलीन्ध्र हा शब्द कोणी कंदलीच्या फुलाकडे नेतात, कोणी अळंब्याकडे; परंतु तो उगवला की त्या वर्षी पीक चांगले येणार, हा संकेत टीकाकार मल्लिनाथाने नोंदवून ठेवला आहे. आषाढात बांधावर अळंबे दिसले की भाताचा शेतकरी आजही मनातून सुखावतो.

अळंबे आणि भात यांची एक विलक्षण गाठ बौद्ध ग्रंथांत पडलेली आहे. कुशीनगरच्या वाटेवर, पावा येथे, चुंद नावाच्या लोहाराच्या घरी भगवान बुद्धांनी अखेरचे भोजन केले. तेथे वाढलेला पदार्थ ‘सूकरमद्दव’ हा होता. तो नेमका कशाचा, यावर पाली टीकाकारांतच एकमत नाही. कोवळ्या डुकराचे मांस, असे एक मत. गोरसाच्या कढणात शिजवलेला मऊ भात, असे दुसरे. डुकरांनी तुडवलेले बांबूचे कोंब, असे तिसरे. आणि डुकरांनी तुडवलेल्या जागी उगवलेले अहिच्छत्रक, म्हणजे अळंबे, असे चौथे. गोव्यात जन्मलेले थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांनी १९४० च्या सुमारास ‘भगवान बुद्ध’ हा मराठी ग्रंथ लिहिला, तेव्हा ही मते मांडून त्यांनी मांसाच्या बाजूने कौल दिला, आणि त्यावरून बरेच वादळ उठले. निर्णय काहीही असो; एका कारागिराने आपल्या घरी केलेल्या स्वयंपाकात भात आणि अळंबे ही दोन्ही संभाव्य मानली गेली, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने लहान नाही.

महाराष्ट्रात आणि गोव्यात अळंब्याला इतके वाईट दिवस कधी आले नाहीत. कोकणात श्रावणातली अळंबी पाहुण्याला अभिमानाने वाढतात. विदर्भाच्या झाडीपट्टीत सात्या वेचायला सारे घर बाहेर पडते. गोव्यात पहिल्या पावसानंतर वारुळावर उगवणारी अळमी पानांत बांधून रस्त्याच्या कडेला विकायला येतात, आणि त्यांचा भाव पाहता ती खाणे हाच एक सण म्हटला पाहिजे. तेथे वारूळ हे सांतेरी देवीचे रूप मानले जाते, आणि या श्रद्धेमागे एक सत्य दडलेले आहे. वाळवी आपल्या वारुळात चावलेल्या पाल्यापाचोळ्याचे वाफे करून त्यांवर ही बुरशी जोपासते. वाळवीची ही शेती माणसाच्या शेतीहून कोट्यवधी वर्षांनी जुनी आहे. या अळंब्यांना रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली ‘टर्मिटोमायसिस’ असे शास्त्रीय नाव दिले. वाळवीला साधलेली ही शेती माणसाला मात्र अद्याप साधलेली नाही. म्हणूनच वारुळे ओरबाडण्याचा प्रकार वाढला की ती अळंबी कमी होत जातात.

त्याच १९४२ साली उत्तरेत ‘कुकुरमुत्ता’ या नावाचे एक पुस्तक निघाले. सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’ यांचे ते दीर्घ काव्य. निराला यांचे मूळ गाव उन्नाव जिल्ह्यातले गढाकोला, आणि १९३० नंतरची बरीच वर्षे त्यांची लखनौत गेली. लखनौ ते उन्नाव ही वाट सरोजिनी नगरवरूनच जाते. काव्यात एक नवाब आहे, त्याने फारसहून आणलेल्या गुलाबांची बाग आहे, आणि बागेशेजारच्या घाणीत उगवलेला एक कुकुरमुत्ता आहे. तो गुलाबाला सरळ अरे-तुरे करतो आणि दुसऱ्याचे रक्त शोषून तू फुललास, मी आपला आपण उगवलो, असे सुनावतो. येथवर ते काव्य पुष्कळांना ठाऊक असते. पण खरी गंमत उत्तरार्धात, स्वयंपाकघरात आहे. नवाबाच्या मुलीची माळिणीच्या मुलीशी मैत्री असते. माळिणीच्या घरी केलेला कुकुरमुत्त्याचा कबाब नवाबाची मुलगी चाखते आणि वडिलांजवळ त्याची तोंड भरून स्तुती करते. नवाब माळ्याला कुकुरमुत्ता आणायला सांगतो. माळी म्हणतो, तो आता शिल्लक नाही, राहिले आहेत ते गुलाबच. नवाब रागावून हुकूम सोडतो की गुलाबांच्या जागी कुकुरमुत्ता लावा. यावर माळी नम्रपणे उत्तर देतो: माफी असावी सरकार, कुकुरमुत्ता लावून उगवत नाही.

माळ्याच्या उत्तराचा बोच नवाबाला लागावा अशीच निराला यांची योजना आहे. गरिबाची वस्तू आवडली म्हणून ती हुकुमाने मिळत नाही. परंतु व्यवहाराच्या बाजूने पाहता माळ्याचे म्हणणे तेव्हाही पुरते खरे नव्हते. फ्रान्समध्ये घोड्याच्या लिदीवर अळंबी लावण्याची विद्या सतराव्या शतकापासून होती आणि पुढे पॅरिसजवळच्या जुन्या दगडखाणींत तिचा मोठा धंदा झाला. चीनमधील ग्वांगडुंग प्रांतात नान्हुआ मठातील भिक्षू एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भाताच्या पेंढ्यावर अळंबी पिकवत होते. चिनी माणसे जेथे जेथे जाऊन राहिली, तेथे तेथे आग्नेय आशियात ही विद्या गेली. आपल्याकडे, निराला यांचे काव्य निघाले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९४३ साली, कोइमतूरच्या कृषिशास्त्रज्ञांनी भाताच्या पेंढ्यावर अळंबी लावण्याची रीत प्रसिद्ध केली. सुश्रुताचे ‘पलालज’ अळंबे शेतकऱ्याच्या हाती आले ते असे.

तरी ते लगेच लोकांच्या घरी पोहोचले नाही. पेंढ्यावरचे हे अळंबे उष्ण हवेत, तीस-पस्तीस अंशांत, झपाट्याने वाढते. पण तोडल्यावर एक दिवसही धड टिकत नाही, आणि थंड कपाटात ठेवले तर पाणी सुटून बिघडते. बाजाराला टिकणारी वस्तू हवी असते. ती मिळाली हिमाचलातल्या सोलन येथे. १९६१ साली तेथे पांढऱ्या बटण अळंब्यांच्या लागवडीचे संशोधन सुरू झाले. निराला याच वर्षी प्रयागला वारले. हा केवळ योगायोग. पुढे १९७४ साली सोलनच्याच जंदाईक यांनी धिंगरी या शिंपल्याच्या आकाराच्या अळंब्यांची लागवड सिद्ध केली. १९८३ साली तेथे राष्ट्रीय केंद्र निघाले आणि त्याच वर्षी आरंभ झालेल्या अखिल भारतीय योजनेत पुण्याच्या कृषी महाविद्यालयालाही स्थान मिळाले.

या सर्वांत गरीब शेतकऱ्याला खरी जवळची वाटली ती धिंगरी. तिला शीतगृह नको, लिदीचे खत नको. पेंढ्याचे तुकडे करून भिजवावेत, गरम पाण्याने शुद्ध करून निथळावेत, धान्याच्या दाण्यांवर वाढवलेले बी थराथराने पसरून पिशव्यांत भरावेत आणि कुडाच्या अंधाऱ्या खोपीत टांगावेत. पंधरा-वीस दिवसांत पिशवी आतून पांढरी होते आणि मग तिला अळंब्यांचे झुपके फुटतात. एक किलो कोरड्या पेंढ्यातून अर्धा किलोच्या वर ताजी धिंगरी मिळते. अवधच्या हिवाळ्यात तीही साधते आणि गवती छपराच्या खोपीत बटण अळंबीही साधतात. उन्हाळा तापू लागला की मात्र हा उद्योग आवरता घ्यावा लागतो. पीक घेऊन झाले की उरलेला पेंढा खत होऊन त्याच शेतात जातो.

आता तांदळाची बाजू. सरोजिनी नगरच्या परिसरात पुष्कळ जमीन ऊसर होती. ऊसर म्हणजे आपल्याकडे जिला चोपण म्हणतात ती. वर पांढरा थर, आत विटेसारखी घट्ट माती, पाणी मुरत नाही आणि गवतही धड उगवत नाही. याच भागात बंथरा येथे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पति उद्यानाने, प्रोफेसर कैलासनाथ कौल यांच्या नेतृत्वाखाली, १९५० नंतरच्या दशकात अशा जमिनीवर प्रयोग आरंभले. पुढे १९९३ पासून उत्तर प्रदेशात जागतिक बँकेच्या साहाय्याने ऊसर सुधारण्याची मोठी योजना चालली. जिप्सम घालून, बांध घालून, पाणी साठवून मातीतले क्षार धुऊन काढल्यावर त्या जमिनीत पहिले पीक घेतात ते भाताचे, कारण साचलेले पाणी आणि उरलेसुरले क्षार सोसण्याची ताकद त्याच्यात आहे. म्हणजे येथल्या कित्येक पातेल्यांतला तांदूळही, शेजारच्या अळंब्याप्रमाणेच, टाकाऊ ठरवलेल्या जागी उगवून आलेला आहे.

ही दोन्ही एकत्र शिजवण्याचे तंत्र असे. तांदूळ दोन वाट्या घ्यावेत, धुऊन अर्धा तास भिजत ठेवावेत. अळंबी मात्र भिजवू नयेत. ओल्या फडक्याने पुसावीत किंवा झटपट धुऊन कोरडी करावीत. अळंब्याच्या वजनात शेकडा नव्वद भाग पाणीच असते, आणि तहरी बिघडते ती या गोष्टीचा विसर पडल्यामुळे. सरसूचे तेल धूर येईपर्यंत तापवून थोडे निवू द्यावे, जिरे व तमालपत्र टाकावे, कांदा गुलाबी परतावा, आले-लसूण घालावे आणि मग चिरलेली अळंबी मोठ्या आचेवर टाकावीत. प्रथम ती पाणी सोडतात. ते पुरते आटून कडा तांबूस होईपर्यंत थांबावे. मग मटार, हळद, हिरवी मिरची, मीठ आणि निथळलेले तांदूळ घालून हलक्या हाताने परतावे आणि साडेतीन वाट्या उकळते पाणी ओतावे. पाणी तांदळाच्या बरोबरीला आले की घट्ट झाकण ठेवून आच अगदी मंद करावी. दहा-बारा मिनिटे झाकण उघडू नये. लखनौच्या ‘दम’ या शब्दाचे सारे रहस्य या न उघडण्यात आहे.

अळंबे शिजून मऊ लगदा होत नाही, याचे कारण त्याच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात. खेकड्याच्या कवचात असते तेच हे द्रव्य. त्याच्या चवीत मांसाची आठवण येते, तिचा उलगडा जपानी संशोधक कुनिनाका यांनी १९५७ साली केला: वाळलेल्या शिटाके अळंब्यांत ग्वानिलिक आम्ल असते आणि ते जिभेवरची खमंग चव वाढवते. जपानात शरद ऋतूत अळंबी घालून भात शिजवण्याची चाल आहे ती काही उगीच नव्हे. आणि मनूने एका ओळीत बसवलेल्या चारांपैकी कांदा, लसूण व अळंबे हे तिघे या तहरीत पुन्हा एकत्र बसलेले आहेत!

एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही कृती लागवडीच्या अळंब्यांसाठी आहे. रानातले अळंबे विषारी आहे की नाही हे चांदीचे नाणे काळे पडते का, लसणाचा रंग बदलतो का, किडे ते खातात का यावरून ओळखता येते, असे लोक सांगतात. यांतील एकही परीक्षा विश्वसनीय नाही. मृत्युछत्र जातीच्या अळंब्याचे विष शिजवूनही जात नाही, आणि त्याची लक्षणे सहा-बारा तासांनी दिसू लागतात, तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते. पिढ्यान्‌पिढ्या वेचणाऱ्यांची नजर ज्याला नाही, त्याने रानातले अळंबे पातेल्यात घालू नये.

सरोजिनी नगरच्या बाजारात कुकुरमुत्ता या नावाने कोणी अळंबी मागत नाही. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही ‘मशरूम’ म्हणतात. खुंबी हा शब्द सरकारी पत्रकांत राहिला आहे. वस्तू घरात आली, नाव उंबऱ्याबाहेर राहिले. पुण्या-मुंबईतही तेच झाले आहे. तेथे अळंबी हा शब्द कोकणी आजीच्या तोंडी तेवढा टिकून आहे. झाकण काढल्यावर तहरीवर थोडी कोथिंबीर आणि चमचाभर तूप घालतात, शेजारी हिरवी चटणी, मुळा आणि दही ठेवतात. आणि तळाशी जी किंचित करपलेली खरपुडी लागते, तिच्यासाठी लखनौतली मुलेही आपल्या मुलांसारखीच भांडतात.